मंगळवारच्या दोन बाटल्या

त्या उन्हाळ्यात नदी एवढी आटली, की काठावरच्या मापाच्या खांबाचे अगदी तळाचे आकडे उघडे पडले. मापाऱ्याच्या बापानंसुद्धा ते कधी पाहिले नव्हते. आकड्यांवर शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. मापारीण सकाळी घासणी घेऊन गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं एकेक आकडा घासून काढला. पाण्याला वास होता. ओल्या चामड्याचा, चुन्याचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, ज्याला नाव नाही. बाहेर आली तेव्हा पोटऱ्यांवर राखाडी रेघ उठलेली. विहिरीवर जाऊन तिनं ती साबणानं धुतली, दोनदा धुतली.

"किती?" पडवीतून मापाऱ्यानं विचारलं.

"चौदा."

"चौदा? अगं, चौदा कसं लिहू? साहेब म्हणतील, मापारी पिऊन वाचतो."

"मग या खाली आणि वाचा तुम्हीच."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मापाऱ्यानं वहीत चौदा लिहिलं, खाली सही केली, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवला.

बारा वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवरून तो घसरला होता. गुडघ्याची वाटी फुटली, ती सांधली कशीबशी, पण एकतीस पायऱ्या उतरून होडीत बसणं त्याच्या नशिबातून गेलं. आता नोकरी अशी की ती नदीत उतरल्याशिवाय होत नाही, आणि घर असं की ते नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की दोन खोल्या, पडवी, मागची विहीर, सगळं सोडून चालू पडायचं. तेव्हा दोघांनी कुणाला न विचारता वाटणी करून टाकली. वही त्याची, नदी तिची. कार्यालयाच्या कागदावर बारा वर्षं मापारीच पाणी भरत होता.

रोजचं माप सोडलं तर खरं काम मंगळवारचं, आणि ते त्याच वर्षी सुरू झालेलं. मधल्या धारेतल्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, पेटीत घालायच्या, पेटी शहराच्या गाडीत चढवायची. ही काय नोकरी झाली, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दोन बाटल्यांवर दोन देशांचा करार उभा होता. नदी इथून चार मैलांवर हद्द ओलांडून खालच्या देशात जाते. वरच्यांनी घाण करून पाणी खाली सोडायचं नाही, असं करारात लिहिलेलं. सोडतात की नाही हे कुणी कुणाला विचारायचं नाही, ते बाटल्या सांगतील. वरच्यांच्या बाटल्या इथं भरायच्या, खालच्यांच्या हद्दीपलीकडच्या पहिल्या गावात. सगळ्या शहरात नेऊन तपासायच्या आणि आकडे समोरासमोर ठेवायचे.

मापारिणीची पद्धत ठरलेली. उजाडताना होडी सोडायची, मधल्या धारेवर जाऊन पितळी घागर भरून आणायची. घागर मागच्या दारी विहिरीपाशी ठेवून पाण्यात तुरटीचा खडा चांगला सात-आठ वेळा फिरवायचा आणि वर फळी ठेवायची. दुपारपर्यंत गाळ तळाशी बसतो. मग वरचं पाणी न हलवता चौपदरी फडक्यातून गाळून दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या.

पहिल्या मंगळवारी तिनं बाटली थेट नदीतच बुडवली होती. वर काढून उजेडात धरली, तर आत राखट पाणी आणि वर तवंग. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात तहानलेला वाटसरू आला तरी माणूस तांब्या विसळून पाणी देतो. आणि आपल्या काठाचं पाणी म्हणून परक्या मुलखातल्या माणसांपुढं हे ठेवायचं? हे पाणी तपासायला जातं, प्यायला नाही, हे मापाऱ्यानं तिला सांगितलं होतं. नाही असं नाही. पण तपासणी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं शाळेतली तपासणी यायची. साहेब यायच्या आदल्या दिवशी नखं कापायची, कपडे धुवायचे, फळा पुसायचा. तपासणीला कुणी घाण घेऊन जातं का? तिनं बाटल्या ओतून दिल्या आणि घागर घेऊन पुन्हा होडीत बसली.

सहा महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. या केंद्राचे नमुने अत्यंत समाधानकारक आहेत, असं त्यात होतं. मापाऱ्यानं ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मापारीण ते दाखवायची नाही, पण चहा द्यायची तो नेमका त्या भिंतीखाली बसवून.

तर अशी बारा वर्षं गेली, आणि या आटलेल्या उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं.

मापाऱ्यानं ते दोनदा मनात वाचलं आणि मग मोठ्यानं. कराराची मुदत संपत आली आहे. पुढच्या वीस वर्षांसाठी तो नवा करायचा आहे. खालच्या देशाची तक्रार आहे की वरून विष येतं, लोकांची कातडी फुटते, जनावरं गाभ टाकतात. वरच्या देशाचं म्हणणं, आमच्या बाटल्या बारा वर्षं स्वच्छ आहेत. घाण होत असेल तर ती हद्दीनंतर, तुमच्याच मुलखात होते. याचा निकाल लावण्यासाठी दोन्हीकडची मंडळी येत्या मंगळवारी या केंद्रावर येतील आणि दोन्हीकडचे पाणी भरणारे एकाच जागी, एकाच वेळी, सर्वांसमक्ष बाटल्या भरतील.

"सर्वांसमक्ष," मापारी पुन्हा म्हणाला आणि गुडघ्याकडं बघू लागला.

धाकटा दीर उंबऱ्यात बसून भाकरी खात होता. तो नदीच्या वरच्या अंगाला कातडी कमावायच्या कारखान्यात हौदावर होता. त्याची नखं कायमची हिरवट निळी झालेली, कितीही घासली तरी तशीच. गावातली निम्मी घरं त्या हौदांवर जगत होती.

"घाबरता कशाला दादा? वहिनींच्या बाटल्या आहेत ना," तो घास गिळून म्हणाला. "मालक स्वतः म्हणतो, ओळीनं तीन बाटल्या वाईट निघाल्या तर करारानं हौद बंद. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवा, मगच उघडा. आणि यंत्र बसवायला तो काय तयार नाही. वहिनी, तुमच्या हातात आहे बघा सगळं."

मापारिणीला बरं वाटलं, हे कशाला लपवा. तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

पुढचे चार दिवस तिची कंबर मोडली. पायऱ्यांवरचं शेवाळ कोयत्यानं खरवडलं. होडीच्या फटींत डांबर भरलं. आटलेल्या पाण्याच्या कडेला मेलेले मासे पालथे पडले होते, ते टोपलीत भरून लांब नेऊन पुरले. टोपली डोक्यावर घेतली की वास केसांत बसायचा. पाहुण्यांना वास यायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. आदल्या दिवशी दुपारी ती पडवीत बसून राखेनं घागर घासत होती. घागर अशी लखलखली की तीत तोंड दिसावं.

"ती कशाला घासतेस?" मापारी म्हणाला.

"उद्याला नको?"

"उद्या घागर न्यायची नाही. होडीतूनच बाटली बुडवायची. पाण्यात धरूनच झाकण लावायचं."

ती हसली. "भलतंच काय! नदी बघितलीत का? नुसता काला झालाय. साहेबांपुढं तसलं पाणी दाखवायचं?"

"दाखवायचं. आणि तुरटीचं चकार शब्दानं कुणाला बोलायचं नाही."

तिचा हात थांबला. त्याचा आवाज रोजचा नव्हता.

"का? तुरटीला काय झालं?"

"तसं करायचं नसतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच." मापारी भिंतीकडं बघत बोलत होता. "नदीत जे काय असेल ते तसंच्या तसं पाठवायचं असतं. घाण आहे का नाही, तेच तर बघतात ते. तू घाण काढून पाठवतेस."

तिनं घागर बाजूला ठेवली. राख भरलेले हात तसेच मांडीवर.

"तुम्हाला माहीत होतं."

"तिसऱ्या वर्षी कळलं. बाटलीला चिठ्ठी चिकटवताना एकदा नीट बघितलं, पाणी भिंगासारखं. विहिरीपाशी तुरटीचा खडा दिसला. मी काय नदी बघितलेली नाही?"

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" आता तो एकदम चिडला. चुकलेला माणूस चिडतो तसा. "माझ्या जागी बायको जाते म्हणून सांगू? घर घालवू? तिकडं साहेब खूश, कारखाना खूश, भिंतीवर पत्र. म्हटलं चाललंय ते चालू दे. कुणाचं काय बिघडत होतं?"

"कुणाचं?"

त्यानं गुडघा चोळला. मग हळू म्हणाला, "खालची माणसं नदीचंच पितात. दर वेळी तक्रार करतात. दर वेळी साहेब आपल्या बाटल्या काढून दाखवतात, की ती बसतात खाली."

मापारिणीला आधी आला तो राग. मला वेडीला पुढं करून हा मागं बसला, हा राग. पण राग टिकला नाही. त्याच्या मागून दुसरंच काही वर आलं आणि कानशिलं तापली. ती भिंतीवरची चौकट, तिच्याखाली बसवून पाजलेला चहा, आतल्या आत फुगलेली छाती. अंगावरचे कपडे भर रस्त्यात सुटून पडावेत, आणि बारा वर्षं ते आपल्याला कुणी सांगू नये, तसं तिला झालं. तिनं ती लखलखीत घागर आत नेऊन पालथी घातली.

मंगळवारी दहा वाजता तीन गाड्या आल्या. घरासमोर कापडाचा मांडव आदल्या दिवशीच लागला होता, खुर्च्या होत्या. वरच्या देशाचे साहेब, चष्मेवाले, भिंतीवरच्या पत्रावर ज्यांची सही होती ते. त्यांचा कारकून, मोठी वही घेऊन. खालच्या देशाकडून दोन म्हातारे अधिकारी, एक तरुण तपासनीस, आणि एक बाई.

बाई तिच्याच वयाची. वाळकी, उंच, डोळे खोल गेलेले. पलीकडच्या गावात पाणी भरायचं काम तिच्याकडं होतं. बोली तीच, हेल तेवढा वेगळा. दोन्ही हातांना कोपरापर्यंत काळे खरखरीत चट्टे होते आणि बोटांच्या सांध्यांवर भेगा. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले, तिच्यापाशी आल्यावर मात्र नमस्कार केला. बाईनंही केला. सवयीचं असावं.

मापाऱ्याला दोघा शिपायांनी बगलेत हात घालून पायऱ्या उतरवल्या. एकतीस पायऱ्यांना पाव तास लागला. प्रत्येक पायरीवर त्याच्या तोंडून निघणारा हुंकार मांडवापर्यंत ऐकू येत होता, आणि सगळे दुसरीकडं बघत होते. "पायाला जरा लागलंय काल," तो साहेबांना म्हणाला. वल्ही मारायला बायको बसली तर चालेल का, असं त्यानं विचारलं. साहेब चालेल म्हणाले.

होडी मधल्या धारेला आली. खालच्या बाईनं बाही वर केली, बाटली तीनदा विसळली, तोंड वाहत्या धारेकडं करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि आतच झाकण फिरवलं. एवढंच. एक थेंब इकडचा तिकडं नाही. वल्ह्यावर बसलेली मापारीण बघत राहिली. हे असं भरायचं असतं तर. मापाऱ्याचं झाकण निसटून पाण्यात गेलं. खालच्या बाईनं झटकन वाकून ते धरलं आणि त्याच्या हातात दिलं. "पुसू नका, तसंच लावा," ती हळूच म्हणाली.

दोन्ही बाटल्या मांडवातल्या टेबलावर उभ्या राहिल्या. दोन्ही सारख्याच राखट.

"बघा," खालचे अधिकारी म्हणाले. "आता तरी बघा."

साहेब बिलकूल डगमगले नाहीत. "नदी आटली आहे, पाणी गढूळ असणारच. एका दिवसाचं पाणी म्हणजे बारा वर्षांचं नव्हे." त्यांनी कारकुनाकडून जाडजूड फाईल घेतली आणि टेबलावर ठेवली. "सहाशेच्या वर नमुने आहेत आमचे. एकही वाईट नाही. तुमचे मात्र सगळे वाईट. मधे फक्त चार मैल. याचे दोनच अर्थ होतात. एक तर तुमच्या हद्दीत घाण मिसळते, नाही तर तुमच्याकडं बाटल्या नीट भरत नाहीत."

मग ते खालच्या बाईकडं वळले. आवाज अगदी गोड.

"बाई, तुम्ही किती शिकलात?"

"चार यत्ता."

"बाटली कशानं धुता?"

"शहरातून आलेल्या पाण्यानं. सीलबंद येतं ते."

"हात?"

"हातही."

"जरा दाखवा बरं."

तिनं हात पुढं केले. भर मांडवात, तळवे वर करून, मास्तरांपुढं करतात तसे. साहेब चष्मा सावरून वाकले, पण हात लावला नाही. "नखं पण दाखवा. हं. आता हाताचीच ही अवस्था असेल, तर बाटलीत काय जात असेल हे मी सांगायला नको."

कुणीतरी हसलं. उंबऱ्याशी उभा असलेला दीर असावा.

"माझ्या हाताचं बाटलीत जात नाही, साहेब," खालची बाई म्हणाली. "बाटलीतलं हाताला येतं."

"ते तुम्ही म्हणता."

"मीच म्हणते. बारा वर्षं मी एकटीच म्हणते." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या बाटल्यांचे आकडे आले, की आमचेच लोक माझ्याकडं संशयानं बघतात. माझ्या गावात मला चिखलवाली म्हणतात. दोनदा कामावरून काढलं आणि माझ्या जागी दुसरा ठेवला. त्याची बाटलीही तशीच निघाली, तर म्हणाले हिनंच शिकवला. मी एक वर्ष बाटली उकळून घेतली. गाळ आला तर माझ्यामुळं आला असेल म्हणून हाताला कापड बांधलं. काय करू आणखी?"

हात तिनं अजून खाली घेतले नव्हते. घ्या म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

मापारीण चहाचा ट्रे घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती. ती एक पाऊल पुढं आली. मापारी तिच्याकडं बघत होता. डोळे मोठे करून, मान अगदी बारीक हलवून, नको, नको. घर होतं त्या नजरेत. दीर उंबऱ्याला टेकलेला, त्याची हिरवी नखं, त्याची दोन पोरं. हे सगळं तिला दिसत होतं, दिसत नव्हतं असं नाही. पण टेबलापाशी पसरलेले ते हात तिला बघवेनात. त्या बाईला जे ऐकावं लागत होतं ते मापारिणीच्या घागरीतून आलं होतं.

तिनं ट्रे खाली ठेवला.

"हात खाली घ्या, ताई," ती म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, "त्यांच्या बाटल्या खऱ्या आहेत. माझ्या खोट्या."

साहेबांना आधी कोण बोललं तेच कळलं नाही. "तुमच्या? तुमच्या कसल्या बाटल्या?"

"बारा वर्षं मीच भरते. घागरीनं घरी आणते, तुरटी फिरवते, निवळलं की गाळून भरते."

मापारी बाकावरून अर्धवट उठला. "साहेब, तिचं काय मनावर घेता? घरात बसणारी बाई. पाणी मीच भरतो. वहीत बघा, सगळीकडं माझी सही आहे."

"आहेच," साहेब चटकन म्हणाले. "बाई, चहा द्या तुम्ही. थंड होतोय."

कारकुनाची लेखणी अधांतरी थांबली होती. यातलं काय लिहायचं आणि काय नाही, त्याला कळेना. आणि मापारिणीच्या लक्षात आलं की आपण या कागदांत कुठंच नाही. बारा वर्षांत नव्हतो, म्हणून आता आपलं खोटंही कुणी आपल्या नावावर घेणार नाही. नवरा तिच्या तोंडावर तिला पुसून टाकत होता, आणि ती त्याची बायको असल्यामुळं त्याचीही लाज तिलाच वाटत होती.

खालचा तरुण तपासनीस पुढं झाला. "करून दाखवाल?"

"वेळ लागतो."

"किती?"

"तुरटी जास्त फिरवली तर दीड-दोन तास."

तपासनिसानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आम्ही थांबतो. दोन्ही बाजू समक्ष हव्यात, असं करारातच आहे. घागरीत दिसणार नाही, काचेची बरणी आहे का मोठी?"

बरणी होती. ती एकटी होडी घेऊन गेली, घागर भरून एकतीस पायऱ्या चढून आली. सगळ्यांदेखत बरणीत पाणी ओतलं आणि तुरटी फिरवली. तिला ते करताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. लाज अशी वाटत होती की मनगट जड झालं, पण हाताला सवय होती, हात फिरत राहिला. मग ती बाजूला जाऊन जमिनीवर बसली.

दोन देशांची माणसं खुर्च्यांवर बसून बरणीकडं बघत होती. ऊन मांडवाच्या कापडावर तापत होतं. साहेब दोनदा फोनवर बोलून आले, मग गेलेच नाहीत. दीर जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "वहिनी, पोरांच्या तोंडचा घास काढलात. डोक्यात काय शिरलं तुमच्या?" तिनं मान वर केली नाही.

बरणीत आधी काही झालं नाही. मग पाण्यात बारीक बारीक गोळे धरायला लागले, कापसाच्या फुटव्यासारखे, आणि हलकेच खाली उतरू लागले. वरून एक बोट पाणी मोकळं झालं, मग चार बोटं, मग वीतभर. तळाशी हिरवट राखाडी थर बसत गेला. दोन तासांनी बरणीच्या पलीकडं उभ्या असलेल्या शिपायाच्या सदऱ्याची बटणं मोजता आली असती.

तिनं फडक्यातून बाटली भरली आणि टेबलावर नेऊन ठेवली, राखट बाटल्यांच्या शेजारी. साहेबांनी ती ओळखली. अशाच बाटल्या बारा वर्षं त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

"कातड्याच्या हौदातलं विष गाळाला धरून खाली बसतं," तपासनीस म्हणाला. "सगळं नाही, पण पुष्कळसं. आम्हीही मूर्खच. वाईट काय आहे तेवढं शोधत बसलो. पाण्यात तुरटी आहे का, हे बघायचं कुणाला सुचलं नाही."

खालच्या अधिकाऱ्यांनी कारकुनाला जबाब लिहायला सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मापारी," ते म्हणाले, "मघाशी तुम्ही काय म्हणालात?" मापाऱ्यानं गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले होते. कारकुनानं मापारिणीला नाव विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. तिनं सांगितलं. मग तिनं पहिल्या मंगळवारपासून सगळं सांगितलं, तपासणीचं, फळा पुसण्याचं, आणि काल दुपारी कळूनही आज सकाळी होडीत गप्प बसले, हेही. कारकून लिहीत गेला.

खालची बाई खुर्चीत बसून ऐकत होती. मापारिणीनं मनाशी धरलं होतं की आता ही उठेल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती उठलीच नाही.

"मला एक विचारायचंय हिला," ती म्हणाली.

"विचारा," तपासनीस म्हणाला.

"बारा वर्षांत तुझ्या घरी कुणी नदीचं पाणी प्यायलंय? एक तांब्या तरी?"

मापारिणीनं वर बघितलं. "नाही. विहिरीचं पितो आम्ही."

"विहीर तर आज आटायला आलेली दिसते. तरी नाही?"

"तरी नाही."

"का?"

एवढा साधा प्रश्न. बारा वर्षांत एकाही साहेबानं तो विचारला नव्हता. उत्तर मात्र सगळ्यांना येत होतं. मापाऱ्याला येत होतं, उंबऱ्यातल्या दिराला येत होतं, इथं आला की सोबत पाण्याची बाटली आणणाऱ्या साहेबांना येत होतं. आणि तिला तर पहिल्या मंगळवारीच, राखट बाटली उजेडात धरली तेव्हाच आलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं, असं कालपासून ती मनाशी घोळवत होती. ते आता कुठंच धरता येईना.

"घाण आहे म्हणून," ती म्हणाली.

खालच्या बाईनं मान हलवली आणि तोंड फिरवून नदीकडं बघत बसली. कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब चष्मा पुसत होते.

"हे लिहायचं?" त्यानं मापारिणीलाच विचारलं.

"लिहा."

त्यानं ते लिहिलं, वाचून दाखवलं, आणि सहीसाठी वही तिच्यापुढं सरकवली.